नेटफ्लिक्सचे भवितव्य सांगू इच्छिणाऱ्यांस

नेटफ्लिक्सच्या भवितव्यावर अधिकाराने बोलायचे असेल, तर आधी शेअर घ्यावेत आणि मत नंतर बनवावे. उलट्या क्रमाने जाणारी माणसे विनाकारण अभ्यास करत बसतात. शेअर घेतल्याबरोबर आपण तेजीवाले होतो, विकल्याबरोबर मंदीवाले होतो, आणि दोन्ही वेळी आपल्याला हे सारे पहिल्यापासून ठाऊकच होते, एवढे लक्षात असू द्यावे.

मोजपट्टी कधीही कायमची ठरवू नये. मालिकेवरचा पैसा आज जातो, पण हिशेबात तो खर्च पुढच्या काही वर्षांवर पसरतो. त्यामुळे एकाच वर्षी कागदावर नफा आणि तिजोरीत खड्डा, असे दोन्ही खरे असू शकते. २०१९ साली तसेच झाले होते: नफा दिसत होता आणि रोख प्रवाह मात्र सुमारे ३.३ अब्ज डॉलरने उणे होता. तेजीवाल्याने पहिला आकडा वाचावा, मंदीवाल्याने दुसरा. दोन्ही शेजारी ठेवून वाचणाऱ्याला चर्चेत कोणी विचारत नाही. पुढे २०२५ पासून कंपनीने दर तिमाहीला वर्गणीदारांची संख्या जाहीर करणे थांबवले, तेव्हा वर्षानुवर्षे त्याच संख्येच्या आरत्या ओवाळणाऱ्यांनी ‘खरे महत्त्व नफ्यालाच असते’ असे ज्या सहजतेने सांगितले, ती सहजता अंगी बाणवावी.

तत्त्वांच्या बाबतीतही असेच लवचिक राहावे. जाहिराती नाहीत हेच या कंपनीचे बलस्थान, असे आपण अनेक वर्षे ठासून सांगितले असेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहिरातींसह स्वस्त योजना आल्यावर जाहिराती हेच बलस्थान, असे तितक्याच ठामपणे सांगावे. प्रेम म्हणजे पासवर्ड वाटून घेणे, अशा अर्थाचे ट्वीट २०१७ मध्ये खुद्द कंपनीनेच केले होते आणि २०२३ मध्ये तिनेच त्या प्रेमावर शुल्क बसवले. कंपनीला जे शोभते, ते तिच्या भागधारकाला का शोभू नये?

तिमाही निकालाच्या दिवशी विशेष जपावे. बाजार बंद झाल्यावर भागधारकांना उद्देशून एक सविस्तर पत्र प्रसिद्ध होते. ते उघडू नये. फोन हातात धरून फक्त बाजारोत्तर व्यवहारातला भावाचा रंग, चढला तर हिरवा आणि पडला तर लाल, पाहावा आणि तो दिसल्यावर कारण लिहायला घ्यावे. ‘हे अपेक्षितच होते’ हे वाक्य आधीच टाइप करून ठेवल्यास वेळ वाचतो, कारण ते हिरव्याला चालते आणि लालालाही. (प्रस्तुत लेखकाच्या फोनमध्ये ते ‘हे’ एवढे लिहिताच आपोआप पूर्ण होते.)

ही तयारी नसली की काय होते, ते एप्रिल २०२२ मध्ये दिसले. तिमाहीत २ लाख वर्गणीदार घटल्याचे कळताच शेअर एका दिवसात सुमारे ३५ टक्के कोसळला. जानेवारीत ३० लाखांहून अधिक शेअर घेतलेले अमेरिकी गुंतवणूकदार बिल ॲकमन ४० कोटी डॉलरहून अधिक तोटा सोसून बाहेर पडले, आणि वर या व्यवसायाचे भाकीत करणे आता अवघड झाले आहे, असे त्यांनी चक्क लेखी कळवले. तोटा एक वेळ क्षम्य आहे. भाकीत जमत नाही ही कबुली मात्र क्षम्य नाही. ते ज्या भावाला बाहेर पडले, त्याच्या कितीतरी पट वर शेअर पुढे गेला, तेव्हा त्यांना हसण्याचा हक्क आपण अवश्य बजावावा. त्या आठवड्यात आपणही विकले होते, हे सांगण्याची सक्ती कोणी केलेली नाही.

सगळे मुद्दे संपले, तर घरचा पुरावा काढावा. ‘आमचा मुलगा हल्ली नुसते यूट्यूब बघतो’ हे विधान अजिंक्य आहे. २०२४ अखेरीस या कंपनीचे ३० कोटींहून अधिक वर्गणीदार होते, असे कोणी म्हणालाच, तर त्यांच्यापैकी एकही आपल्या सोफ्यावर बसलेला नाही, हे शांतपणे निदर्शनास आणावे आणि शेअर विकून टाकावेत. मुलगा पुढच्या आठवड्यात एखाद्या नव्या मालिकेला चिकटलाच, तर ते परत घ्यावेत. तोवर भाव चढलेला असेल. चढलेल्या भावाला ‘खात्रीची किंमत’ म्हणतात.