देखाव्यातली खरी गोष्ट

गिरगावातल्या आमच्या चाळीच्या मंडळात यंदाच्या देखाव्यावरून जुंपली आहे. लहानपणी आपल्यावर झालेले लैंगिक अत्याचार स्वतःच्या आवाजात सांगायला चाळीतच वाढलेली एक जण तयार झाली. पोरं खूश. खरी गोष्ट लावली की गर्दी थांबते, म्हणे, जागृती होते. ज्येष्ठ म्हणतात, बाप्पासमोर असले विषय नकोत.

दादाने फोनवर हे सांगितलं आणि माझं डोकं फिरलं. ज्येष्ठांना भीती बाप्पाची थोडीच आहे? रांगेतला जो तो वर गॅलरीकडे बघून कुजबुजणार, ‘कुठल्या मजल्यावरचे काका?’, ती भीती आहे. सरकारच्याच 2007 च्या पाहणीत निम्म्याहून जास्त मुलांनी लैंगिक अत्याचार झाल्याचं सांगितलं होतं. करणारे बरेचसे ओळखीतलेच.

पण पोरांचाही मला तितकाच राग येतो. पाचव्या दिवशी तिला वाटलं की बस झालं, तर ध्वनिफीत बंद करणार का? आणि रांगेतल्या एखाद्या मुलीने आईचा हात ओढून ‘माझ्याशीपण असं करतात’ म्हटलं, तर मांडवात कोण आहे? संशय आला तरी पोलिसांना कळवलंच पाहिजे, असं मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा 2012 पासून सांगतो. पण 2024 मध्ये बदलापूरला लोक रुळांवर उतरले, त्यात तक्रार नोंदवायला झालेल्या दिरंगाईचाही संताप होता.

इथे ऑस्ट्रेलियात, संस्थांमधल्या बाललैंगिक अत्याचारांची चौकशी करणाऱ्या रॉयल कमिशनपुढे आठ हजारांवर माणसं बोलली, बंद दाराआड, एकेकटी. मागे बासरी नव्हती, निवेदक नव्हता. 2018 पासून भरपाईची योजनाही सुरू झाली. मेलबर्नच्या रविवारच्या मराठी शाळेत नुसती बाराखडी शिकवायची तरी मला पार्श्वभूमी तपासून मिळणारं वर्किंग विथ चिल्ड्रन कार्ड लागतं. चाळीच्या गच्चीवर पोरींच्या नाचाच्या तालमी कोण घेतं, हे विचारायची कुणाला गरज वाटत नाही.

‘तुमच्याकडे काय सगळे संत आहेत?’ दादा म्हणाला. नाहीत. चर्चनी आणि अनाथालयांनी वर्षानुवर्षं झाकून ठेवलं, म्हणून तर ते कमिशन बसवावं लागलं. हे मी त्याला सांगितलं नाही. भांडताना कोण सांगतं?

2018 च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधान मॉरिसन यांनी या पीडितांची संसदेत माफी मागितली, तेव्हा ऑफिसातली शेजारीण डोळे पुसत होती. मी तिला चहा करून दिला आणि परत एक्सेल उघडलं. वाईट वाटलं, पण परक्याच्या घरच्या मयतीला वाटतं तेवढंच. इतकी वर्षं इथे मत देते, कर भरते, तरी. गिरगावच्या देखाव्यासाठी मात्र रात्री दीड वाजता आवाज चढवते.

‘तिकडे बसून बोलायला काय जातंय तुझं? वर्गणी तरी भरलीस का?’

भरली होती, त्याच्याच खात्यातून. पावती माझ्या माहेरच्या नावाची आहे. म्हटलं, मग सभासद म्हणून माझे दोन मुद्दे सभेत वाच. तिने नको म्हटल्याक्षणी आवाज बंद, आणि मांडवाशेजारी दहाही दिवस एखादी प्रशिक्षित समुपदेशक. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनचा फलक वर्गणीदारांच्या यादीपेक्षा मोठा लावा, तो तिसरा.

‘जागा कुठाय?’ दादा म्हणाला. प्रायोजकाच्या कमानीला बरी मिळते.