टॉन्टो होयबा असेल, सिल्व्हरहील्स नव्हता

‘द लोन रेंजर’ या जुन्या अमेरिकी टीव्ही मालिकेचा आणि तिच्यातल्या नायकाच्या टॉन्टो या मूळनिवासी साथीदाराचा विषय निघाला की एक मजकूर हमखास फिरतो. तो साधारण असा: ‘टॉन्टो म्हणजे स्पॅनिशमध्ये मूर्ख. गोऱ्या नायकाच्या मागे मान डोलावत फिरणारा हा होयबा. त्याची भूमिका करणारा नट जे सिल्व्हरहील्स म्हणजे घोड्यावर बसता येतं म्हणून उचलून आणलेला आदिवासी. अभिनय येत नव्हता, आणि आपल्या लोकांसाठी त्यानं कधी काही केलं नाही.’

शब्दाचा अर्थ बरोबर आहे. नायक आणि टॉन्टो यांच्यातली उतरंडही खरी आहे. त्यापुढचं सगळं चुकीचं आहे, आणि एका कष्टाळू माणसावर अन्याय करणारं आहे.

आधी ‘उचलून आणलेला’ हे बघू. हॅरॉल्ड जे स्मिथ हे त्याचं खरं नाव. मोहॉक या मूळनिवासी समाजातला हा मुलगा 1912 मध्ये कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात, सिक्स नेशन्स वसाहतीत जन्मला. वडील पहिल्या महायुद्धात कॅनडाच्या सैन्यात अधिकारी होते, शौर्यपदक मिळवलेले. लॅक्रॉस हा जाळीदार काठीनं चेंडू झेलायचा-फेकायचा, मोहॉक आणि त्यांच्या भाऊबंद जमातींचा परंपरागत खेळ. 1930च्या दशकात हा पोरगा तो व्यावसायिक संघांकडून खेळला. मुष्टियुद्धातही उतरला आणि 1938 च्या गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धेत मिडलवेट गटात दुसरा आला. त्याच सुमारास सिनेमात शिरला तो गर्दीतला एक्स्ट्रा आणि स्टंटमन म्हणून. टॉन्टोची भूमिका मिळाली 1949 मध्ये. म्हणजे त्याआधी दहाएक वर्षं तो पडद्यावर घाम गाळत होता, बहुतेक वेळा श्रेयनामावलीत नाव न येता. याला ‘उचलून आणणं’ कसं म्हणायचं?

आता अभिनयाचं. टॉन्टोची ती मोडकीतोडकी इंग्रजी ऐकून लोक ठरवतात की बोलणाऱ्यालाच भाषा येत नसावी. ती बोली रेडिओवरून आली. 1933 मध्ये डेट्रॉइटहून सुरू झालेल्या श्रुतिकेत टॉन्टोचा आवाज जॉन टॉड या गोऱ्या नटाचा होता. टीव्ही मालिकेच्या लेखकांनी तीच लकब पुढे चालवली. सिल्व्हरहील्स स्वतः अस्खलित इंग्रजी बोलायचा. लिहून दिलेली वाक्यं त्यानं म्हटली, आणि तरीही तो माणूस पडद्यावर सरळ कण्यानं उभा राहिलेला दिसतो.

त्याची ताकद पाहायची तर 1950 चा ‘ब्रोकन ॲरो’ हा सिनेमा बघा. त्यात तो अपाचे जमातीचा लढवय्या जेरोनिमो आहे. अपाचे पंचायतीत त्यांचा प्रमुख कोचीस तहाच्या बाजूनं बोलतो, तेव्हा हा त्याला तोंडावर नकार देतो आणि निघून जातो. प्रसंग छोटासाच, पण तिथं होयबाचा मागमूसही नाही. त्याच सिनेमात कोचीसची मोठी भूमिका मात्र ब्रुकलिनमध्ये जन्मलेल्या जेफ चँडलरला मिळाली आणि ऑस्करचं नामांकनही त्यालाच. मूळनिवासी पात्र मोठं असेल तर गोऱ्या नटाला रंग फासून उभं करायचं आणि खऱ्या मूळनिवासी नटाला उरलेलं द्यायचं, ही हॉलिवूडची तेव्हाची रीतच होती. सिल्व्हरहील्सच्या वाट्याला लहान भूमिका का आल्या, हे विचारताना निदान तेवढं तरी लक्षात घ्यावं.

‘समाजासाठी काही केलं नाही’ हा आरोप मला सगळ्यात जास्त बोचतो, कारण तो धडधडीत खोटा आहे. 1960च्या दशकात त्यानं लॉस एंजेलिसमध्ये इंडियन ॲक्टर्स वर्कशॉप ही कार्यशाळा उभी केली. तिथं मूळनिवासी तरुणांना अभिनयाचे धडे मिळत. मूळनिवासी भूमिका मूळनिवासी नटांनाच मिळाव्यात, हा त्यामागचा आग्रह होता. स्वतः ठरावीक साच्यात अडकलेला नट पुढच्यांसाठी तो साचा फोडायला बसला होता.

टॉन्टोवर राग जरूर काढावा. पण तो पात्र रचणाऱ्यांवर आणि त्यावर पैसा कमावणाऱ्यांवर काढावा.

1979 मध्ये हॉलिवूडच्या वॉक ऑफ फेमवर सिल्व्हरहील्सच्या नावाचा तारा बसला. पुढच्याच मार्चमध्ये तो गेला. कॅनडाच्या लॅक्रॉस हॉल ऑफ फेमनं 1997 मध्ये त्याला सामावून घेतलं, ते त्याच्या खेळासाठी.