स्टारबक्सची फ्रँचायझी भारतात मिळत नाही

‘नोंदणी फी भरा, स्टारबक्सची फ्रँचायझी मिळवा’ हा मेसेज खोटा आहे. स्टारबक्स ही कॉफीच्या दुकानांची अमेरिकन साखळी. इथली दुकानं टाटा स्टारबक्स कंपनी स्वतःच चालवते. त्यात टाटा आणि स्टारबक्स निम्मे-निम्मे भागीदार. पहिलं दुकान ऑक्टोबर २०१२ मध्ये मुंबईत, हॉर्निमन सर्कलला उघडलं.

मुळात ही साखळी फ्रँचायझ्या विकून मोठी झालेली नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत सिअ‍ॅटलला सुरू झालेल्या तिच्या पहिल्या दुकानात भाजलेल्या कॉफीबिया मिळायच्या. १९८७ मध्ये तिथले माजी अधिकारी हॉवर्ड शुल्ट्झ यांनी ही साखळी विकत घेतली, तेव्हा दुकानं मोजून सहा. पुढे अमेरिकेत कंपनीनं स्वतःची दुकानं काढली; विमानतळ, सुपरमार्केटांत दुकान चालवायचे परवाने दिले, तेही मोठ्या कंपन्यांना.

आपला गाळा कॉफीच्या साखळीला भाड्यानं देणं वेगळं. त्यात डिपॉझिट तुम्हाला मिळतं. उलट तुमच्याकडेच आगाऊ पैसे मागणारा भामटाच समजा.