बुजलेली प्रत्येक खिडकी करापायीच बुजलेली नसते

इंग्लंडमधल्या जुन्या विटांच्या फार्महाऊसचा फोटो आणि खाली मजकूर: “राजाने उजेडावर कर लावला, म्हणून शेतकऱ्यांनी खिडक्या बुजवल्या. ‘डेलाइट रॉबरी’ हा शब्द तिथूनच आला.” महिन्यातून एकदा तरी ही पोस्ट कुणीतरी पाठवतंच. (फार्महाऊस म्हणजे आपलं शनिवार-रविवारचं नव्हे, शेतकऱ्याचं राहतं घर.)

“कर होता.” होता की. १६९६ पासून १८५१ पर्यंत. त्यापायी काही खिडक्या बुजल्याही.

“उजेडावर होता.” नाही, खिडक्यांच्या संख्येवर. सुरुवातीला दहापेक्षा कमी खिडक्या असतील तर घरामागे २ शिलिंग, बस. दहा ते एकोणीस असतील तर वर आणखी ४. म्हणजे सहा खिडक्यांच्या शेतकऱ्याने एक बुजवली तरी त्याचा दमडीचाही फायदा नव्हता. ही मर्यादा १७६६ मध्ये सातवर आली, तेव्हा झळ खाली पोचली. पुढे दूधदुभत्याच्या आणि चीजच्या खोल्यांना सूटही मिळाली, फक्त दारावर तसं रंगवायचं.

“बुजलेली दिसली की कर समजावा.” इथे खरी गोची आहे. भिंतीजवळ जाऊन बघा. मागाहून बुजवलेल्या खिडकीच्या दोन्ही कडांना वरपासून खालपर्यंत सरळ उभा सांधा दिसतो, आतल्या विटेचा रंग वेगळा, चुनाही वेगळा. पण पुष्कळ ठिकाणी वीट तीच, थर बाहेरच्या थरांशी जुळलेले, आणि भराव जेमतेम अर्धी वीट आत. ती खिडकी कधी उघडी नव्हतीच! अठराव्या शतकात दर्शनी भिंत तंतोतंत समतोल हवी असायची: मधोमध दार, दोन्हीकडे सारख्या खिडक्या. काही जुन्या घरांत दार उघडलं की समोर थेट धुराड्याची भिंत. त्या दारावर माडीला खिडकी काढली तरी मागे धुराडंच. मग खोटी खिडकी. काहींवर तर काळा रंग देऊन पांढऱ्या पट्ट्यांनी तावदानंही रंगवलेली असतात.

कराची खूण हवीच असेल तर विटेत शोधा. विटांवर १७८४ ते १८५० कर होता, तोही नगावर. म्हणून इंग्लंडमधल्या मेशम गावच्या जोसेफ विल्क्स या कारखानदाराने चक्क दुप्पट आकाराच्या विटा पाडल्या, म्हणजे नग कमी आणि करही कमी. या कराची पोस्ट मात्र कुणी पाठवत नाही.

“डेलाइट रॉबरी.” लुबाडणूक या अर्थाने हा शब्द रूढ झाला विसाव्या शतकात, कर जाऊन जमाना लोटल्यावर. आणि ‘दिवसाढवळ्या दरोडा’ आपणही म्हणतोच. आपल्या खिडक्या कोणी मोजल्या होत्या?