मी मिसेस वातानाबे

लंडनमध्ये ‘वातानाबे’ या नावाने दातांच्या डॉक्टरची वेळ घ्यावी आणि आत जाऊन बसावं गोंधळेकरांच्या मुलीने, मग काय होतं ते मला पाठ झालंय. काउंटरवरची बाई ‘मिसेस वॉटनाबी’ असा पुकारा करते. मी उठते. ती माझ्या खांद्यावरून मागे बघते. मागे कुणी नसतं. मग ती एकदा यादी बघते, एकदा माझी टिकली, आणि सावरून विचारते, ‘किती छान नाव! अर्थ काय हो याचा?’

नवरा शेजारी बसलेला असला तरी प्रश्न मलाच. तो जन्माने वातानाबे असल्यामुळे त्याने या भानगडीचा कधी विचारच केलेला नाही. शिवाय जपानमध्ये हे नाव इतकं पोत्याने मिळतं, की अर्थ विचारणं म्हणजे पुण्यात कुलकर्ण्यांना अर्थ विचारणं. मी मात्र सुनेच्या उत्साहाने सगळं शोधून काढलं आणि तेव्हापासून या घराण्याची बिनपगारी प्रवक्ती झाले.

खरं तर कायद्याने मला हे नाव घ्यायची सक्ती नव्हती. जपानमध्ये दोघंही जपानी असतील तर लग्नानंतर एकच आडनाव लावावं लागतं, आणि शंभरात पंचाण्णव वेळा ते नवऱ्याचंच निघतं. परदेशी जोडीदाराला हा नियम लागू नाही. पण इंग्रज माणसाला फोनवर ‘गोंधळेकर’चं स्पेलिंग सांगून बघा. ‘ध’ला तो धापा टाकतो, ‘ळ’ला फोन ठेवतो.

तर अर्थ. पहिलं चित्राक्षर ‘ओलांडणं’, दुसरं ‘काठ, आसपास’. म्हणजे नदी ओलांडायच्या जागेजवळचे लोक. हे नाव आजच्या ओसाकामधल्या, योदो नदीच्या मुखाजवळच्या एका जुन्या बंदरावरून आलं. पुण्याच्या आत्याने हे ऐकून एका वाक्यात निकाल लावला, ‘म्हणजे आपले धक्केकर की गं!’ काकांना त्यात ‘वतन’ ऐकू आलं, त्यामुळे त्यांनी जावयाला परस्पर वतनदार करून टाकलं. आमच्या सोसायटीत मात्र मी अजूनही ‘त्या वाटाण्यांची सून’.

इंग्रजांना धक्का, होडी, चिखल यातलं काहीही नको असतं. त्यांना सामुराई हवा असतो. मग मला सांगावं लागतं, की तिकडे सामान्य माणसाला अधिकृतपणे आडनाव लावायची मुभा मिळाली 1870 साली, आणि 1875 साली तर ते लावणं सक्तीचंच झालं. सरकारला सैन्यभरती करायची होती, कर गोळा करायचा होता, आणि त्यासाठी कोण कुठला याची नोंद हवी होती. तेव्हा आज ज्याचं नाव वातानाबे, त्याचा पणजोबा तलवारबाज असेलच असं नाही. आमचे तर संत्री पिकवत. हे ऐकून समोरच्याचा चेहरा असा पडतो, की मलाच अपराध्यासारखं वाटतं.

बँकेतल्या लोकांची तऱ्हा वेगळी. तिथे नाव सांगितलं की साहेब गालात हसतो. परकीय चलनाच्या बाजारात ‘मिसेस वातानाबे’ ही एक दंतकथाच आहे. जपानमध्ये बँका व्याज जवळजवळ देतच नसत, म्हणून घरखर्चातून वाचवलेले येन बाहेर काढून ऑस्ट्रेलियन आणि न्यूझीलंडचे डॉलर घेणारी गृहिणी, म्हणजे खरं तर तिकडचा एकूण छोटा गुंतवणूकदारच, या नावाने ओळखला जातो. मोठमोठे दलाल म्हणे तिचा अंदाज घेत असतात. साहेबाने मलाही विचारलं, ‘येनबद्दल काय मत?’ मी म्हटलं, ‘मुदत ठेवीचा फॉर्म द्या.’

सामुराई मागणाऱ्यांसाठी माझ्याकडे एक गोष्ट राखून ठेवलेली आहे. वातानाबे नो त्सुना नावाचा एक योद्धा दहाव्या-अकराव्या शतकात होऊन गेला. कथेत त्याने क्योतोमध्ये एका राक्षसाचा हात छाटला. पुढे तोच राक्षस त्याच्या आत्याचं सोंग घेऊन घरी आला, ‘बघू तरी कसा दिसतो’ म्हणाला आणि हात घेऊन पळाला. आत्या आली की घरातली वस्तू जाते, यावर मी काही बोलत नाही, कारण माझी आत्याही वाचते.

तेव्हापासून म्हणे राक्षस या आडनावाला टरकून असतात. फेब्रुवारीच्या सुरुवातीला सेत्सुबुन असतो. त्या दिवशी ‘राक्षस बाहेर, सुख आत’ असं ओरडत घरोघरी भाजलेले सोयाबीन फेकतात. वातानाबेंना ते फेकावे लागत नाहीत, राक्षस आपणहूनच फिरकत नाही. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी वेंब्लीहून अर्धा किलो फुटाणे आणून (सोयाबीन भाजायला वेळ कुणाला आहे?) दारात उभी. व्हिडिओ कॉलवर सासऱ्यांनी हात वर करून थांबवलं. मी विचारलं, ‘बाबा, सवलत लेकीसुनांनाही आहे का? मी मूळची गोंधळेकर.’ त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, ‘राक्षस दारावरची पाटी वाचतो.’

फेकणं रद्द झालं तरी खाणं असतंच. आपल्या वयाइतके दाणे मोजून खायचे. सासूबाई पडद्यावरून बघत होत्या. मी पस्तीसला थांबले. त्या गोड हसून म्हणाल्या, ‘पोट भरलं का गं इतक्यात? पासपोर्टात तर जास्त लिहिलंय.’