बारसं नव्हे, बाप्तिस्मा

गेल्या रविवारी भाचीच्या लेकराचा बाप्तिस्मा होता. घाईत निघालो तर शेजारच्या मावशींनी जिन्यातच अडवलं, "काय ओ, बारसं हाय म्हणं आज?" मी "हो" म्हणून सटकलो. सोलापुरात तीस वर्षं हा प्रश्न येतोय आणि तीस वर्षं मी असाच सटकतोय. म्हणून आज जरा सविस्तर.

बाप्तिस्मा म्हणजे माणसाला पाण्याने ख्रिस्ती मंडळीत घेण्याचा विधी. त्याचा नाव ठेवण्याशी तसा संबंध नाही. मूळ ग्रीक शब्द बुडवण्याचा. कापड रंगात बुचकळायलाही त्याच धातूचा शब्द होता. हे वाचलं तेव्हा मला वडील आठवले. ते डाईंगमध्ये होते, चादरीचं सूत रंगवायचे. काही रंगांत हौदातून काढलेली लडी आधी भलतीच दिसते, हवा लागली की मग खरा रंग धरते. येशूचा प्रेषित पौल याने रोममधल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं की बाप्तिस्म्यात आपण ख्रिस्ताबरोबर पुरले जातो, ते नव्या जीवनात चालण्यासाठी. पाण्याखाली जाणं हे मरण, वर येणं हे उठणं. निव्वळ आंघोळ नव्हे ती.

आता भांडण. माझा मावसभाऊ दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या मंडळीत, म्हणजे दुसऱ्या चर्चमध्ये गेला. तिथं त्याला सांगितलं, तान्हेपणी शिंपडलेलं चालत नाही. मग शेततळ्यात उतरून त्याने पुन्हा बाप्तिस्मा घेतला. आता भेटला की सलामाच्या आधी विचारतो, "तुमचा पाण्यातला झालाय का?" त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. आधी विश्वास, मग बाप्तिस्मा, हा क्रम शुभवर्तमानात आहेच. पण फिलिप्पै शहरातल्या तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा रातोरात सगळ्या घरादारासकट झाला, तेही बायबलातच, प्रेषितांच्या कृत्यांत लिहिलंय. घरात तान्हं होतं की नव्हतं, यावर लोक शेकडो वर्षं वाद घालतायत. १९७० साली उत्तर भारताच्या मंडळीत सहा मंडळ्या एकत्र आल्या. त्यांत फक्त मोठ्यांचा बाप्तिस्मा मानणारे बॅप्टिस्टही होते. तेव्हा बालकांचा आणि मोठ्यांचा, दोन्ही बाप्तिस्मे मान्य झाले. माझ्या मते शहाणपणाचं काम. पण एकाच माणसाला दोनदा? "एकच प्रभू, एकच विश्वास, एकच बाप्तिस्मा" हे आपण उगीच पाठ करतो का?

घोटाळा आपल्या क्रियापदात आहे. आपण 'बाप्तिस्मा घेतला' म्हणतो आणि घेणारा मोठा होऊन बसतो. खरं तर तो दिला जातो. स्वतःचा बाप्तिस्मा स्वतः करता येत नाही. खुद्द येशूही यार्देन नदीत बाप्तिस्मा देणाऱ्या योहानापुढे उभा राहिला. ज्याला मागताही येत नाही अशा तान्ह्या पोराला तो मिळतो, यात मला तरी काही वावगं दिसत नाही. मोठा माणूस तरी कृपेपुढे कितीसा मोठा असतो?

राहिला प्रश्न किती पाणी. 'दिदाखे' नावाचं फार जुनं ख्रिस्ती लेखन आहे. त्यात सांगितलंय, वाहतं पाणी घ्या. नसेल तर दुसरं. गार नसेल तर कोमट. पुरेसं नसेल तर डोक्यावर तीनदा ओता. चार-पाच दिवसांआड नळ येणाऱ्या गावाची सोय बघूनच लिहिलंय जणू!

मात्र एका गोष्टीवर आपण कुजबुजतच बोलतो. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढे १९५६ ला शिखांना, १९९० ला बौद्धांना. ख्रिस्ती झालेल्याचा मात्र जातो. जात काही वस्तीतून जात नाही, दाखल्यावरून जाते. त्यामुळे वर्षानुवर्षं भक्तीला येणारे पण बाप्तिस्मा न झालेले लोक आपल्याकडे आहेत. त्यांना 'कच्चे' म्हणणाऱ्यांची मला चीड येते. ख्रिस्ती झालेले कवी ना. वा. टिळक, त्यांचा बाप्तिस्मा १८९५ चा. त्यांनीच १९१७ ला 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा काढला, तेव्हा बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोघांनाही त्यात जागा ठेवली.

आमच्याकडे असेच एक काका शेवटच्या बाकावर बसतात. त्या रविवारी बाप्तिस्म्याच्या वेळी देवळाची, म्हणजे चर्चची, टाकी कोरडी निघाली, नळाचा दिवस नव्हता. पाळकसाहेब कटोरा हातात धरून उभे. काका गुपचूप उठले, गाडीवरून घरी गेले आणि कळशीभर पाणी घेऊन आले. पाळकसाहेबांनी प्रार्थना केली, तीनदा ओंजळ डोक्यावर घातली. पोरगं असं किंचाळलं की ऑर्गनवाली हसायला लागली.

काका तोवर जागेवर जाऊन बसले होते. उरलेल्या पाण्याची कळशी त्यांनी बाकाखाली सरकवली आणि गीताचं पुस्तक उघडलं.