खुलासा: वेलँडमुळे एसएसएचवरून खिडक्या उघडणं बंद झालेलं नाही

वेलँड म्हणजे लिनक्सवर प्रोग्रॅमच्या खिडक्या स्क्रीनवर दाखवणारी नवी यंत्रणा, आणि एसएसएच म्हणजे नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनवर सुरक्षितपणे काम करायची सोय. 'लिनक्सवर वेलँड आलं, आता दुसऱ्या मशीनवरचा ग्राफिकल प्रोग्रॅम आपल्या स्क्रीनवर उघडता येत नाही,' असा दावा फिरतोय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी लोक हाताशी असलेली सोय सोडून देतात याचं वाईट वाटतं.

वेलँडच्या आधीची यंत्रणा, एक्स विंडो सिस्टिम, १९८४ साली एमआयटीत सुरू झाली, तीच नेटवर्क गृहीत धरून. त्यात 'सर्व्हर' म्हणजे तुमच्या समोरचं मशीन, कारण स्क्रीन आणि कीबोर्ड त्याच्याकडे. प्रोग्रॅम चालतो दूरच्या मशीनवर. बहुतेकांचा गोंधळ इथेच होतो. वेलँड सेशनमध्ये सर्व्हरचं हे काम एक्सवेलँड नावाचा प्रोग्रॅम करतो, त्यामुळे एक्स फॉरवर्डिंग, म्हणजे दूरच्या प्रोग्रॅमची खिडकी एसएसएचवरून आपल्याकडे आणणं, पूर्वीसारखंच चालतं.

खात्री करायची असेल तर कॅपिटल एक्सचा पर्याय (-X) देऊन एसएसएच करा आणि तिकडे डिस्प्ले व्हेरिएबलची (खिडकी कुठे दाखवायची ते सांगणाऱ्या DISPLAY ची) किंमत बघा. 'लोकलहोस्ट:१०.०' असं काही दिसलं की वाट मोकळी. रिकामं आलं, तर वेलँडला बोल लावू नका: तिकडच्या एसएसएच सर्व्हरच्या सेटिंगमध्ये एक्स११ फॉरवर्डिंग बंद असेल, नाहीतर एक्सऑथ (एक्स सर्व्हरशी जोडायची परवानगी सांभाळणारा प्रोग्रॅम) तिकडे टाकलेलं नसेल.

दाव्यात तथ्य एवढंच, की जे प्रोग्रॅम फक्त वेलँडवरच चालतात ते या वाटेने येत नाहीत. त्यांच्या खिडक्या नेटवर्कवरून आणायला वेपाइप हा प्रोग्रॅम आहे; ते दोन्ही मशीनवर लागतं. अख्खा डेस्कटॉपच हवा असेल, तर मार्च २०२४ मध्ये आलेल्या ग्नोम ४६ पासून (ग्नोम हा लिनक्सवरचा एक डेस्कटॉप) आरडीपीने, म्हणजे दूरचा डेस्कटॉप वापरायच्या रिमोट डेस्कटॉप प्रोटोकॉलने, थेट लॉगिन करता येतं, त्या मशीनसमोर कुणी बसलेलं नसलं तरी.